ह्युमिकचं दही आणि बोदवडची सोयरीक

चिपळूणहून जळगावला हौसेने फिरायला गेलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. आमच्याकडची माणसं देवाला जातात, मुंबईला जातात, फारच झालं तर महाबळेश्वरला जाऊन कुडकुडून येतात. खानदेश म्हटलं की ऊन आणि केळी, एवढ्यावर विषय संपतो. आम्हीही गेलो नसतो. पण ऐन जानेवारीत आमच्या अश्विनीने पुण्याहून फोन करून सांगितलं की तिला लग्न करायचं आहे, मुलगा बोदवडचा आहे, आपल्यातलाच आहे आणि तो ह्युमिक अॅसिड तयार करतो.

"काय तयार करतो?" मास्तरांनी माझ्या हातातून फोन घेत विचारलं.

मास्तर म्हणजे माझे यजमान. एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळा गाव त्यांना मास्तरच म्हणतो, आणि मीही. माझी गुहागर रस्त्याला छोटी नर्सरी आहे, हापूसची कलमं, सुपारी, जास्वंद. मागे एकदा एक विक्रेता तिथे काळ्या पाण्याची बाटली देऊन गेला होता. ह्युमिक आहे, मुळांना जोर येईल म्हणाला. आम्ही सांगितल्याप्रमाणे घातलं. मुळांना काहीही आलं नाही. मास्तरांच्या पांढऱ्या सदऱ्याला मात्र असा डाग पडला की तो सदरा शेवटी फडकं झाला. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं होतं की ह्युमिक म्हणजे रंग घातलेलं पाणी. आता तेच पाणी विकणारा जावई दारात येणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा विनातिकीट प्रवासी सापडल्यासारखा झाला.

अश्विनी माती शिकलेली मुलगी. पुण्यात माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही येऊन बघा. नाही पटलं तर नाही म्हणा." म्हणून आम्ही निघालो. पुण्याला ती आमच्यात सामील झाली.

धुळे

सकाळी धुळ्याला उतरलो तेव्हा थंडी अशी होती की तोंडातून वाफ निघत होती. मी फक्त सुती साडी नेसून गेले होते, कारण खानदेशात ऊन असतं हे मला माहीत होतं. अश्विनीने स्वतःचा स्वेटर काढून मला दिला आणि हसली.

मुलगा, म्हणजे विशाल, स्टँडवर टेम्पो घेऊन आला होता. उंच, सावळा, डोक्याला मफलर. वाकून जयभीम केला आणि आमच्या पिशव्या उचलून मागे निळ्या कॅनच्या गर्दीत ठेवल्या. म्हणाला, घरी जाण्याआधी जवळच एका शेतकऱ्याला माल पोचवायचा आहे, चालेल ना? मास्तर म्हणाले, उलट बरंच झालं. मला त्यांचा हेतू कळला. त्यांना गिऱ्हाईकाचं तोंड बघायचं होतं.

पुढच्या सीटवर बसून मास्तरांनी चौकशी सुरू केली. ह्युमिक कशापासून करतोस, कुठून आणतोस, त्यात काय काय घालतोस. विशाल न कंटाळता सांगत होता. जमिनीत दबून अर्धवट कोळसा झालेली एक मऊ काळी भुकटी असते, ती गुजरातेतून येते. ती पोटॅशच्या पाण्यात शिजवायची, की तिच्यातलं ह्युमिक आणि त्याचं धाकटं भावंड फुलविक, दोन्ही पाण्यात उतरतं. मग निवळायचं, गाळायचं. मास्तर मधेमधे "असं का" म्हणत होते. हे "असं का" ते तिकीट हरवलंय म्हणणाऱ्या माणसाला म्हणायचे.

शेत कांद्याचं होतं. मालक म्हातारे होते, विशाल त्यांना आबा म्हणत होता, म्हणून आम्हीही आबाच म्हणालो. बांधावरून उतरले आणि माझी चप्पल मातीत राहिली. आमची लाल माती पायाला लागते आणि धुतली की जाते. ही काळी माती पाय धरून ठेवते. मी एका पायावर उभी, अश्विनी चप्पल ओढतेय, आणि आबा शांतपणे सांगतायत की ताई, रात्री पाणी दिलं होतं, अनवाणी चालाल तर बरं. मग मी अनवाणीच चालले. माती गार आणि लोण्यासारखी होती. मला का कोण जाणे इतका आनंद झाला की मी मुद्दाम दोन वाफे जास्त फिरले.

आबांनी दोन ठिकाणचे कांदे उपटून दाखवले. ह्युमिक दिलेल्या वाफ्यातल्या कांद्याला पांढऱ्या मुळ्यांची दाट दाढी होती, दुसऱ्याला जरा विरळ. मी नर्सरीवाली, मुळं बघितली की मला राहवत नाही. हातात घेऊन चोळून पाहिली. फरक होता, पण फार मोठा नव्हता. मास्तर म्हणाले, त्या कोपऱ्यात पाणी जास्त मुरत असेल. आबांना राग आला नाही. त्यांनी अहिराणीत सांगितलं, "मास्तर, शेणखत बिगर हाई काहीच कामनं नही. शेणखत टाका, मंग हाई टाका. मंग बठ्ठं बरं शे."

शेणखताशिवाय याचा काही उपयोग नाही, असं गिऱ्हाईक आपल्या मालाबद्दल बोलत असताना विशाल मान डोलवत होता. ते मी मनात नोंदवून ठेवलं.

दुपारी रस्त्यावरच्या धाब्यावर शेवभाजी खाल्ली. तांबडी तर्री, वर जाड शेव. पहिल्या घासाला मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्या घासाला त्यांनी आणखी रस्सा मागितला. आमच्याकडे तिखट लागलं की सोलकढी असते. इथे तिखट लागलं की वर कच्चा कांदा खातात आणि पुन्हा तिखट खातात.

जेवताना अश्विनीने आम्हाला तिच्या भाषेत समजावलं. या काळ्या मातीत चुना फार. मातीत लोह असतं, जस्त असतं, पण चुन्यामुळे ते कुलपात पडल्यासारखं होतं आणि झाडाची पानं पिवळी पडतात. ह्युमिकचे कण मोठे. ते मातीतच राहतात, तिला भुसभुशीत करतात, दिलेलं खत धरून ठेवतात. फुलविकचे कण बारीक, ते लोह-जस्ताला धरून झाडाच्या आत घेऊन जातात. "म्हणजे एक घर सांभाळतं आणि एक बाजारहाट करतं," मी म्हटलं. विशालला ते इतकं आवडलं की त्याने ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मास्तर शेवेकडे बघत म्हणाले, हे सगळं खरं असेल, पण बाटलीत तेच आहे कशावरून?

याला उत्तर द्यायला विशालने तोंड उघडलं, तेवढ्यात धाबेवाल्याने विचारलं की टेम्पो हलवता का, आणि ते राहूनच गेलं.

बोदवड

जळगाव ओलांडून पुढे गेलं की जमीन पसरत जाते. आमच्याकडे कुठेही बघा, समोर डोंगर येऊन उभा राहतो. इथे नजर जाते ती जातच राहते. कपाशी वेचून झालेली शेतं, हरभरा, मका, आणि लांबवर रेल्वेची गाडी खेळण्यातल्यासारखी. मला आधी ओकंबोकं वाटलं. मुलगी इथे राहणार होती. झाडं कुठे आहेत, असं मी विचारलंही. विशाल म्हणाला, घरामागे आहेत, अक्काने लावलीत.

अक्का म्हणजे त्याची आई. लहानमोठे सगळेच तिला अक्का म्हणत. लहानखुरी बाई, आवाज मात्र बांधाच्या पलीकडे पोचेल असा. वडिलांना नाना म्हणत. नाना रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलून देणारे, निवृत्त झाल्यावर शेतीत पडले. ओळख झाल्याझाल्या नाना आणि मास्तर यांच्यात एसटी मोठी की रेल्वे मोठी हा वाद लागला. दोघांनाही एकमेकांबद्दल फार आदर वाटत होता, त्यामुळे नाना एसटीची बाजू घेत होते आणि मास्तर रेल्वेची. या अति आदरानेच दुसऱ्या दिवशी घात केला.

संध्याकाळी अक्काने भरीत केलं. हिरवी, जाडजूड वांगी, ती अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, म्हणजे पऱ्हाट्यांच्या, जाळावर भाजली, सोलली आणि लाकडी परातीत हिरव्या मिरच्यांसकट ठेचली. वर कांद्याची पात, शेंगदाणे, लसणाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाच्या पिठाची. मी पाटा-वरवंट्यावर आयुष्य काढलेली बाई, पण अक्काचा ठेचण्याचा जोर पाहून मागे सरले. मग तिने मलाच मुसळी दिली. मी ठेचायला लागले आणि एक मिरचीची बी उडून माझ्या डोळ्यात गेली. अक्काने माझं डोकं धरून तांब्याभर पाणी मारलं. आम्ही विहीण होणार की नाही हे ठरायच्या आधीच आमची चांगलीच घसट झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशाल आणि अश्विनी जळगावला आत्याला आणायला गेले. विशालची ही आत्या पिंप्राळ्यात राहते, आणि तिच्याशिवाय घरात काही ठरत नाही. आम्ही चौघं मोठी माणसं शेतावर गेलो. तिथे मागच्याच दिवशी कलिंगडाची रोपं लावली होती. तिकडे कलिंगडाला टरबूज म्हणतात, आणि आठवडाभर मीही तसंच म्हणत होते. चकचकीत कागद अंथरलेले लांब गादीवाफे, कागदाच्या प्रत्येक भोकात एकेक इवलं रोप, आणि कागदाखालून ठिबकच्या नळ्या. अशा रोपांचं काय असतं ते मला पुरतं ठाऊक. मूळ अजून जमिनीत रुजलेलं नसतं. त्या दिवसांत पाणी चुकलं आणि ऊन तापलं तर संध्याकाळी उचलून फेकायचीच वेळ येते.

विहिरीजवळच्या टाकीतून ठिबकमध्ये खत सोडायची सोय होती. नानांनी टाकीत पाणी भरलं, विशालचं ह्युमिक ओतलं आणि ते मोटर सुरू करायला गेले. टाकीशेजारी आणखी एक कॅन होता. तो फॉस्फोरिक अॅसिडचा, तेही खत म्हणून ठिबकमधूनच देतात, पातळ करून ठेवलेला, पण पुढच्या पाळीला द्यायचा. मास्तरांना वाटलं, नाना वयोमानाने विसरले. न बोलता, म्हणजे नानांना लाज वाटू नये म्हणून, त्यांनी तो कॅन उचलला आणि टाकीत रिकामा केला. आणि नानांनी ते लांबून पाहिलं. पण त्यांना वाटलं, हे शेतकी शिकलेल्या मुलीचे वडील, यांना काहीतरी ठाऊक असणार, आपण मधे बोलणं बरं दिसणार नाही. त्यांनी बटण दाबलं.

थोड्याच वेळात मी टाकीत डोकावले आणि आधी हसलेच, कारण आत दही लागलं होतं. काळंकुट्ट दही. गोळेच्या गोळे तरंगत होते, काही तळाला बसत होते, आणि वरचं पाणी आमच्या कोऱ्या चहासारखं पिवळसर झालं होतं. मी मास्तरांना हाक मारली. मास्तरांनी नानांना हाक मारली. तोवर मोटरचा आवाज बदलला होता. फिल्टर गच्च भरला होता, आणि त्याआधी जेवढं पुढे गेलं होतं ते नळ्यांमध्ये जाऊन बसलं होतं. नानांनी कागद उचलून एक नळी पाहिली. थेंब नाही. दुसरी पाहिली. तिथेही नाही.

ऊन चढत होतं. जानेवारीचं असलं तरी खानदेशातलंच ते. दोन्ही बाप माणसं टाकीच्या दोन बाजूंना मान खाली घालून उभी होती आणि एकमेकांची क्षमा मागत होती. चूक माझी, नाही नाही माझीच. अक्काने ते ऐकून घेतलं आणि विशालला फोन लावला. मी मात्र घागर शोधायला निघाले होते. ठिबक सुरू होईल तेव्हा होईल, रोपांना ते कळत नाही.

विहिरीवर घागरी होत्या, बादल्या होत्या, गोठ्यात तांबे होते. अक्का आणि मी हाताने पाणी घालायला सुरुवात केली, प्रत्येक भोकात अर्धा तांब्या, रोपाच्या अंगावर नाही, कडेने. शेजारच्या शेतातल्या बायका मका खुडत होत्या, अक्काने एकच हाळी दिली आणि त्या आल्या. तेवढ्यात मास्तर भानावर आले. इतकी माणसं आणि इतक्या बादल्या एकत्र बघून त्यांच्यातला कंडक्टर जागा झाला. बांधावर उभे राहून त्यांनी सगळ्यांना रांगेत लावलं, भरलेल्या बादल्या एका बाजूने, रिकाम्या दुसऱ्या बाजूने, आणि खड्या आवाजात "पुढे सरका, पुढे सरका, मधे थांबू नका" सुरू केलं. मका खुडणाऱ्या बायका हसून हसून पाणी सांडत होत्या. नाना विहिरीवर घागर ओढत होते आणि प्रत्येक घागरीला रेल्वेच्या थाटात हात दाखवून रवाना करत होते.

अश्विनी आणि आत्याला घेऊन विशालचा टेम्पो आला तो धुळीचा लोट उडवतच. त्याने टाकी पाहिली, फिल्टर पाहिला, नळ्या पाहिल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. मास्तर पुढे झाले. मी जवळच होते. त्यांनी कुठलीही सबब न सांगता सांगितलं की तो कॅन मी ओतला. मला वाटलं, आता काय होईल. पण त्या पोराने टाकीत हात घालून एक काळा गोळा बाहेर काढला आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवला.

"मास्तर, तुम्ही धाब्यावर विचारलं होतं ना, बाटलीत तेच आहे कशावरून?" तो म्हणाला. "हे त्याचं उत्तर."

मास्तरांना कळलं नाही. अश्विनीने उलगडून सांगितलं. नावात अॅसिड असलं तरी ह्युमिक दुसऱ्या अॅसिडात विरघळत नाही. आंबट लागलं की त्याचं असं दही होऊन ते खाली बसतं. वर जे पिवळं पाणी राहिलं ते फुलविक, ते कशातही विरघळतं. नुसतं रंगाचं पाणी असतं तर असं दही लागलंच नसतं. प्रयोगशाळेतही ह्युमिक ओळखायला आम्ही आधी हेच करतो, फक्त छोट्या चंचुपात्रात करतो, बाबा, अख्ख्या टाकीत नाही.

मास्तर त्या गोळ्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. त्यांचं हसू सुरू झालं की आधी खांदे हलतात, आवाज मागून येतो. नानाही हसायला लागले. आपण पीक बुडवायला निघालो होतो हे दोघं त्या वेळी साफ विसरले.

पण काम समोर होतं. जे अॅसिडने गोठतं ते पोटॅशच्या पाण्यात पुन्हा विरघळतं, असं विशालने सांगितलं. फक्त ते कडक पाणी कोवळ्या मुळाशी जायला नको. म्हणून आधी नळ्यांची टोकं उघडून साध्या पाण्याचा जोर सोडला. बऱ्याचशा नळ्या तेवढ्यानेच खोकलून मोकळ्या झाल्या. ज्या अडून बसल्या त्या कागदाखालून हळूच ओढून बांधावर आणल्या, तिथे त्यांच्यात पोटॅशचं पाणी भरून ठेवलं, आणि मग धुऊन पुन्हा जागेवर सरकवल्या. आत्या नवी काठापदराची साडी नेसून पाहुण्यांना भेटायला आली होती. टेम्पोतून उतरताच तिने एकंदर प्रकार पाहिला होता, आणि नळ्या बांधावर आल्या तशी ती पदर खोचून एका नळीचं टोक धरून माझ्या शेजारी बसली. आमची ओळख अशी झाली. तिने मला विचारलं की तुमच्याकडे लग्नात जेवायला काय असतं, आणि मी उत्तर देईपर्यंत नळीतून काळ्या पाण्याची पिचकारी सुटून ती आम्हा दोघींच्या तोंडावर आली. आत्याने तोंड पुसलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

ऊन कलायच्या सुमारास नानांनी मोटर सुरू केली. सगळे वाफ्यांच्या कडेला वाकून उभे राहिलो. माझ्या पायाजवळच्या नळीच्या भोकावर एक थेंब जमला, फुगला आणि पडला. मग दुसरा. पलीकडून मका खुडणाऱ्या बायकांपैकी एकीने आपल्याही ओळीत आलं म्हणून सांगितलं, मग आणखी एकीने. विशालने अश्विनीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, तो नुसता सुटल्यासारखा दिसत होता.

हात धुवायला अक्का आणि मी विहिरीवर गेलो. साबणाने काही निघेना. नखांत, रेषांत, सगळीकडे काळं. अंगणात मास्तर, नाना आणि आत्या यांची बोलणी सुरू झाली होती. विहार कुठलं, तारीख कधी, किती माणसं, सगळं पुढे चाललं होतं. मास्तरांचं मत बदललं होतं हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं. अक्का माझे हात आपल्या हातात घेऊन राखेने घासत होती. घासता घासता थांबली.

"सगये मास्तरलेच इचारता," ती म्हणाली. "तुम्हाले काय वाटते ते कोनी इचारलंच नाही. पोरगी तुमची बी आहे ना?"

खरं तर मला काय वाटत होतं ते मलाच धड ठाऊक नव्हतं. माणसं चांगली होती. पण चिपळूण तिथून फार लांब होतं. आणि अश्विनी पुण्याची नोकरी सोडून इथे येणार, तर ती इथे कोण म्हणून राहणार? मालकाची बायको म्हणून कॅनवर चिठ्ठ्या चिकटवणार की माती शिकली आहे ती वापरणार? हे मी अक्काला जसंच्या तसं सांगितलं. आणि म्हटलं, उद्या सकाळी रोपं बघू, मग सांगते.

अक्काला राग आला नाही. तिने राख पुन्हा हातात घेतली आणि उरलेली दोन नखं घासली.

सकाळी मी एकटीच शेतावर गेले. गवतावर दव होतं. वाफ्यांमधून हळूहळू चालत गेले, वाकून वाकून बघत. काही रोपांनी माना टाकल्या होत्या, कडेची थोडी गेलीही होती. पण बाकी सगळी, अगदी पार टोकापर्यंत, ताठ उभी होती, पानं वर करून. मी तिथेच बांधावर बसले आणि एकटीच हसत बसले.

परत येताना विशालच्या ह्युमिक शिजवायच्या शेडवरून आले. आत अश्विनी आणि विशाल भांडत होते. कॅनवर लावायच्या नव्या चिठ्ठीचा मजकूर ठरत होता. विशालला लिहायचं होतं की उत्पन्न दुप्पट होतं, कारण बाजारातले सगळे तसंच लिहितात, नाहीतर माल उठत नाही. अश्विनी नाही म्हणत होती. ती म्हणाली, "मुळं वाढतात एवढं लिही. शेणखताबरोबर द्या, अॅसिडबरोबर देऊ नका, हे मोठ्या अक्षरात लिही. दुप्पट लिहायचं असेल तर माझं नाव त्यावर नको, आणि मग माझं इथे काम काय?"

मी दाराआड थांबले. असं चोरून ऐकू नये, पण मी ऐकलं. विशाल म्हणाला, माल कमी उठेल. ती म्हणाली, उठू दे कमी. त्याने एक मोठा उसासा टाकला आणि विचारलं, "अॅसिडबरोबर देऊ नका, हे लाल रंगात छापू का? आपल्या दोघांचे वडील घरातच आहेत." तेव्हा ती हसली आणि तोही हसला. चिठ्ठीवर तिने सांगितलं तेच गेलं. खाली तिचं नाव, आणि हुद्दा माती परीक्षक.

मी तशीच अक्काकडे गेले. ती चुलीसमोर भाकरी थापत होती. तिच्या शेजारी पाटावर बसले आणि म्हटलं, माझा होकार आहे. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, पिठाच्या हाताने माझे दोन्ही गाल धरले आणि मग दारात जाऊन अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात नानांना हाक मारली. तोवर भाकरी करपली. आम्ही ती दोघींनी मिळून गुळाबरोबर खाल्ली.

जळगाव

परतीच्या दिवशी आत्याने आम्हाला पिंप्राळ्यात नेऊन जेवू घातलं आणि गाडीला वेळ होता म्हणून रिक्षाने मेहरूणच्या तलावावर आणलं. पोरं सायकली फिरवत होती, बायका फेऱ्या मारत होत्या, पाण्यावरून गार वारा येत होता. बोदवडच्या त्या सपाट जमिनीनंतर एवढं पाणी बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. आत्या म्हणाली, लग्नानंतर कधी आठवण आली तर इथे येऊन बसायचं, मी सोबत येईन. मुलीऐवजी ती मलाच समजावत होती.

मास्तरांनी तिथल्या कठड्यावर बसून चिपळूणला त्यांच्या थोरल्या भावाला फोन लावला. पोरीच्या काळजीने आठवडाभर दादांचा जीव टांगणीला लागला होता. मास्तर सांगायला लागले. ह्युमिकचे कण मोठे असतात. फुलविकचे बारीक. अॅसिड घातलं की एक खाली बसतं, एक वर राहतं. आपल्या लाल मातीत चुना नाही, ती मुळातच आंबट, त्यामुळे आपल्याकडे याचा उपयोग होईल का ते आधी एका वाफ्यावरच बघायला हवं, असं विशालचं म्हणणं आहे आणि त्याचं बरोबर आहे. अळवावरच्या थेंबासारखं विद्राव्य खत कसं वाहून जातं, ते ह्युमिक कसं धरून ठेवतं. पलीकडून दादा हूं हूं करत होते. अश्विनी तोंडावर हात दाबून माझ्याकडे बघत होती. आत्या माझ्या कानात म्हणाली, यांना विशालचा माल विकायला बसवायला हवं.

शेवटी दादांना राहवलं नाही. फोनमधून त्यांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "अरे, ते सगळं राहू दे. मुलगा कसा आहे ते सांग."

मास्तर थांबले. तलावाकडे पाहिलं, मग अश्विनीकडे.

"दादा," ते म्हणाले, "आपला आहे."